कर्करोगाला घराणे विचारणारा माणूस : डॉ. वसंत रामजी खानोलकर

भूम तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर कुणाला कर्करोग झाला, तर त्याची नोंद शेजारच्या बार्शीत होते. रुग्णाचे वय, गाव, रोग कोणत्या अवयवाचा आणि तो कितपत पसरला होता, हे सारे तिथल्या नोंदवहीत येते. 1987 पासून हे काम चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातले परांडा व भूम, अशा तीन तालुक्यांची ही नोंदणी आहे. ग्रामीण भागासाठी अशी कर्करोग नोंदणी सुरू होण्याची देशातली ही पहिलीच वेळ होती.

एका तालुक्यातले रुग्ण मोजून काय मिळते, असा प्रश्न पडू शकतो. आपल्या देशात त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी फार आधी दिले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. रोग कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि असे का, हे त्यांनी आयुष्यभर विचारले. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी कुणाची तपासणी करावी, हे ठरवताना डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतात, तो याच जातीचा आहे: तुमच्या घरात कुणाला होता का?

काचपट्टीवरचा तुकडा

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन मुंबईला परतले.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत काय बदल केले, ते पाहण्याचे शास्त्र. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. गाठ साधी की कर्करोगाची, हा निकाल तिथे लागतो. हा डॉक्टर रुग्णाला सहसा दिसत नाही, पण त्याच्या अहवालाशिवाय सर्जनचा हात पुढे जात नाही.

त्या काळी आपल्याकडे हुशार विद्यार्थ्यांचा ओढा शल्यचिकित्सेकडे किंवा खासगी दवाखान्याकडे असे. खानोलकरांनी प्रयोगशाळा निवडली. ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथे त्यांच्या हाताखाली डॉक्टरांच्या पिढ्या तयार झाल्या.

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर टाटा कुटुंबाच्या न्यासाने हे रुग्णालय उभारण्याचे ठरवले होते. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली.

धोती, चुट्टा आणि खैनी

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो विरळाच, असा समज तेव्हा बराच रुळलेला होता. टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले आणि खानोलकरांच्या टेबलावर काचपट्ट्यांचा ढीग वाढू लागला. 1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एका अवयवाच्या कर्करोगाचेच एवढे रुग्ण एका शहरात सापडत असतील, तर रोग विरळ आहे असे म्हणणे अवघड होते. भारतीयांना कर्करोग कितपत होऊ शकतो, या प्रश्नावर त्यांनी पुढच्याच वर्षी स्वतंत्र लेखही लिहिला.

त्याच 1945 मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी मिळून रीतीभाती आणि कर्करोग यांच्या नात्यावर लेख लिहिला. कंबरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसून जिथे कातडी घासली जाते, तिथे काहींना कर्करोग होत होता. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढली जाई, तिथे टाळूचा कर्करोग दिसे. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागे धरण्याची सवय होती, तिथे रोग नेमका त्याच जागी उठे.

या निरीक्षणाने एक गोष्ट पक्की झाली. कर्करोग नशिबासारखा कुठेही पडत नाही. माणूस काय करतो, काय खातो, काय नेसतो, याच्या खुणा त्यात असतात. रुग्णाच्या गाठीइतकाच त्याच्या राहणीचा तपास केला तर रोगाचे कारण हाती लागू शकते आणि कारण कळले तर रोग टाळता येतो.

सवय की रक्त?

सवयी दिसल्या, तरी प्रश्न संपला नाही. एका समाजात एक कर्करोग जास्त आणि दुसऱ्यात कमी, असे आढळले तर त्याचे कारण सवय की आनुवंशिकता? मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न फार अवघड होता. इथे जातीतल्या जातीत लग्ने होत, त्यामुळे रक्तही वेगळे राही. पण प्रत्येक समाजाचे खाणे, पिणे आणि व्यसनेही वेगळी होती. दोन्ही गोष्टी एकात एक गुंतलेल्या.

हा गुंता सोडवण्यासाठी खानोलकरांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्यासोबत काम केले. मुंबईतल्या आपापसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजांत रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे कशी वाटली गेली आहेत, हे त्यांनी तपासले आणि 1950 मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या बाजूने सवयींचा हिशेबही चालू होता. 1955 मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि घसा व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर अभ्यास मांडला. चघळणाऱ्यांत आणि ओढणाऱ्यांत रोगाच्या जागा वेगवेगळ्या पडत होत्या.

आनुवंशिकतेचा धागा प्रयोगशाळेतही पकडला गेला. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. मिळवली. उंदरांच्या ठरावीक वंशांत स्तनांचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, हा त्यांच्या कामाचा विषय होता. त्यात आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून जाणारा विषाणू अशी एकापेक्षा जास्त कारणे गुंतलेली होती. घराण्यात रोग दिसला म्हणजे तो रक्तातूनच आला असे नाही, हा धडा त्या उंदरांनी दिला.

1895 सालची दुसरी गोष्ट

खानोलकर जन्मले त्याच वर्षी, 1895 मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावी दुसऱ्या एका विकृतिशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांचे नाव आल्ड्रेड वॉर्थिन. त्यांच्या ओळखीतली शिवणकाम करणारी एक बाई खिन्न दिसे. कारण विचारल्यावर तिने सांगितले, की आपल्या घरातली बरीच माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आणि आपणही तशाच लवकर जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने अकाली वारली.

वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि 1913 मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या या कुटुंबाला त्यांनी जी अक्षराचे नाव दिले. पण त्या काळी आनुवंशिकतेवर बोलणाऱ्यांचा कल माणसांची चांगले आणि वाईट वंश अशी विभागणी करण्याकडे झुकत होता. कर्करोग घराण्यात उतरतो, ही गोष्ट बहुतेक डॉक्टरांच्या गळीही उतरली नाही. वंशावळ कपाटात पडून राहिली. 1960 च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी ती पुन्हा बाहेर काढली आणि 1971 मध्ये जी कुटुंबाची पुढची पिढी नोंदवली. 2000 साली त्या घराण्यातला दोषही सापडला. पेशी विभागताना जनुकीय मजकुरात होणाऱ्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएसएच2 या जनुकात तो होता. आज अशा घराण्यांतल्या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचे म्हणणे खरे ठरायला एक शतक लागले.

वॉर्थिन एका घराण्याच्या मागे गेले, खानोलकर समाजांच्या मागे. दोघांची पद्धत मात्र सारखीच होती. काचपट्टी बाजूला ठेवायची आणि ज्याच्या शरीरातून तो तुकडा आला, त्याच्याकडे वळायचे.

संस्था उभारणारा संशोधक

खानोलकरांना कळून चुकले होते, की हे काम एकट्यादुकट्याचे नाही. 1949 मध्ये विकृतिशास्त्रज्ञांची देशव्यापी संघटना झाली, तिच्या उभारणीत ते होते. 1952 मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे ते संस्थापक संचालक होते. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांत सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते, यावरचे त्यांचे कामही महत्त्वाचे मानले जाते. कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून याच केंद्रात वेगळा केलेला एक जंतू आयसीआरसी या केंद्राच्या आद्याक्षरांनीच ओळखला जातो.

1950 ते 1954 या काळात ते कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. किरणोत्साराच्या परिणामांवर विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताची बाजू सांभाळली. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे केंद्र 1966 मध्ये टाटा रुग्णालयाशी जोडले गेले आणि टाटा मेमोरियल सेंटर तयार झाले. पुढे संशोधनाचा भाग नवी मुंबईत खारघरला हलला. तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे.

बार्शी, परांडा, भूम

खानोलकरांच्या हयातीतला बहुतेक अभ्यास रुग्णालयात आलेल्या माणसांवर उभा होता. त्याची एक मर्यादा होती. जो रुग्णालयात पोचलाच नाही, तो मोजला जात नाही. एखाद्या भागात रोग नेमका किती, हे कळायचे तर त्या भागातला प्रत्येक रुग्ण नोंदवावा लागतो. मुंबईत 1960 च्या दशकात इंडियन कॅन्सर सोसायटीने अशी नोंदणी सुरू केली. खेड्यांतले चित्र मात्र अंधारातच होते.

तो अंधार बार्शीने कमी केला. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या साथीने तीन तालुक्यांची नोंदणी हाती घेतली. गावकरी दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहून भागणार नव्हते. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशय असलेल्यांना तपासणीला आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढले. पुढे याच गटाने धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 महिलांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येऊ शकतात, हे या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळले.

या नोंदवहीने आणखी एक गोष्ट दाखवली. मोठ्या आतड्याचा कर्करोग या तालुक्यांत पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फार कमी आहे, मुंबईपेक्षाही कमी. खानोलकरांचा जुना प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. ज्या भागात रोग कमी, तिथे तपासणी कुणाची करायची?

शौचाची तपासणी काय सांगते?

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या मांसल वाढीतून होतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारणपणे दहाएक वर्षे लागतात. या काळात त्यातून अधूनमधून थोडे रक्त झिरपते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण तपासणीत सापडू शकते.

जुनी तपासणी ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेवर चाले. रक्त असेल तर कागद निळा होई. पण मांसाहार आणि काही भाज्या यांनीही तो निळा होऊ शके. तरीही तिचा उपयोग सिद्ध झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटात 46,551 जणांवर झालेल्या अभ्यासाने 1993 मध्ये दाखवले, की दरवर्षी ही तपासणी केल्यास आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. आता फिट ही तपासणी वापरतात. ती फक्त माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे पथ्य लागत नाही. काडीने शौचाचा थोडासा अंश बाटलीत घालून द्यायचा, एवढेच काम असते.

निकाल समजून घेणे मात्र गरजेचे आहे. रक्त सापडले म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. मूळव्याध, आतड्याची सूज किंवा जंत यांमुळेही रक्त येऊ शकते. खरे काय ते दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत कळते. समजा, 1,000 जणांच्या तपासणीत 50 जणांचा निकाल सदोष आला. रोग कमी असलेल्या भागात त्या 50 जणांत कर्करोगाचा रुग्ण एखादा असेल किंवा एकही नसेल. पण दुर्बिणीची तपासणी सगळ्या 50 जणांना लागेल. त्यासाठी शहर गाठायचे, मजुरी बुडवायची आणि निकाल येईपर्यंत जीव टांगणीला लावायचा. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासण्या आहेत, आतड्याची नाही. तिथेही हाच हिशेब लागू पडतो.

उलट, निकाल निर्दोष आला म्हणूनही गाफील राहता येत नाही, कारण रक्त रोज झिरपत नाही. शिवाय ही तपासणी लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. शौचात रक्त दिसत असेल, पोट साफ होण्याची सवय अचानक बदलली असेल, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन घटत असेल, तर बाटली पाठवून थांबू नये, थेट डॉक्टरांकडे जावे.

घराण्याची चौकशी

सरसकट तपासणीचा हिशेब जिथे जमत नाही, तिथे घराण्याचा प्रश्न कामाला येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि यंत्रही लागत नाही. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर आपला धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. अशांना डॉक्टर साधारण चाळिशीपासून किंवा नातेवाइकाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून तपासणी सुचवतात.

लिंच सिंड्रोमची शंका घेण्यासाठी डॉक्टरांनी तीन, दोन, एक असा ठोकताळा बसवला आहे. तीन नातेवाइकांना रोग, तो सलग दोन पिढ्यांत आणि किमान एकाला पन्नाशीच्या आत. त्या तिघांतला एक इतर दोघांचा सख्खा नातेवाईक असावा लागतो. आतड्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही यात धरतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. अशा माणसांत पॉलिपचा कर्करोग फार लवकर होतो, म्हणून त्यांना शौचाच्या तपासणीवर विसंबून चालत नाही. तरुणपणापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीचीच तपासणी लागते.

आपल्याकडे ही चौकशी दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे वंशावळ सहसा पुरुषांचीच सांगितली जाते. आजोबा, पणजोबा तोंडपाठ असतात, पण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली आत्या कशाने गेली किंवा आईच्या माहेरी मावशीला काय झाले होते, हे कुणी विचारत नाही. जनुकाला माहेर-सासर कळत नाही. आईकडचा रोगही तितकाच मोजावा लागतो. दुसरे म्हणजे, पोटाच्या दुखण्याने गेले किंवा गर्भपिशवीत गाठ होती, एवढ्यावर गोष्ट संपते. मुलींची लग्ने अडतील म्हणून कर्करोग हा शब्द घराबाहेर जाऊ दिला जात नाही. मग पुढच्या पिढीला वेळीच सावध करणारी माहिती त्यांच्याबरोबरच जाते.

हा शब्द मोठ्याने उच्चारून त्याचा हिशेब मांडायला खानोलकरांनी शिकवले. कुणावर ठपका ठेवण्यासाठी त्यांनी समाज आणि घराणी विचारली नव्हती. ज्याचे कारण सवयीत आहे त्याने सवय सोडावी आणि ज्याचे कारण रक्तात आहे त्याची वेळेत तपासणी व्हावी, यासाठी हा भेद ओळखायचा होता. भूममधल्या घराला त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. आजी, आत्या, मावशी, मामा यांची नावे, त्यांना झालेला आजार आणि तेव्हाचे वय एका कागदावर लिहून ठेवले आणि तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवला, तरी काम सुरू होते.